आजीची पैंजणं आणि यिर्मयाची पारख

आजचं वाचन: यिर्मया ६:२७-३०

मित्रांनो, आधी ही चार वचनं उघडून वाचा, मग इथे परत या. चारच आहेत, दोन मिनिटं लागतील.

वाचलीत? आता माझ्या शब्दांत सांगतो. देव यिर्मयाला म्हणतो, मी तुला माझ्या लोकांमध्ये धातू पारखणारा म्हणून उभं केलंय, त्यांची चाल तपासून बघ. मग तपासणीचा अहवाल येतो: हे सगळे तांबं आणि लोखंड निघाले. भाता जोरात चालला, शिसं आगीत जळून संपलं, गाळणाऱ्याने गाळत राहून काही उपयोग झाला नाही, कारण वाईट वेगळं झालंच नाही. शेवटी त्यांना नाव पडतं टाकाऊ रुपं.

चांदी आणि आग हे चित्र आपण चर्चमध्ये इतक्या वेळा ऐकलेलं असतं की आपोआप मलाखीचा तिसरा अध्याय आठवतो. तिथे शुद्ध करणारा बसलेला आहे, त्याच्यासमोर मूस आहे आणि शेवटी स्वच्छ चांदी बाहेर येते. मीही अनेक वर्षं यिर्मयाचा हा भाग त्याच डोळ्यांनी वाचत होतो: संकटं येतात, आपण शुद्ध होतो, आमेन. पण इथे तसं काही होत नाही. इथे प्रक्रिया फसलेली आहे, आणि नेमकी कुठे फसली ते यिर्मयाने धातूंची नावं घेऊन सांगितलंय. हे मला यंदा हुपरीला गेल्यावर कळलं.

हुपरी कोल्हापूरकरांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी: हातकणंगले तालुक्यातलं गाव, चंदेरी नगरी म्हणतात. पैंजण, वाळे, जोडवी, कमरपट्टे घरोघरी बनतात. एका घरात तार ओढतात, दुसऱ्या घरात कड्या वळतात, तिसऱ्या घरात बायका घुंगरं जोडतात. आणि या सगळ्या धंद्याचा कणा म्हणजे एक शब्द, टंच. शंभर भागांत चांदी किती, तो टंच. ८० टंच म्हणजे शंभरात ऐंशी भाग चांदी, उरलेलं बहुतेक तांबं. चोख चांदी दागिन्याला फार मऊ पडते, म्हणून भेसळ ही इथे लबाडी नसते, गरज असते. किती आहे ते खरं सांगितलं की झालं.

मी तिथे का गेलो ते सांगायला मला थोडं जड जातंय. पण आजचं वचनच पारख करण्याबद्दल आहे, तर स्वतःला वगळून कसं लिहू?

माझी आजी गेली तेव्हा तिची चांदी काकांकडे होती. एक जोड पैंजणं आणि एक कमरपट्टा. पैंजणांसोबत तिने जपून ठेवलेली दुकानाची चिठ्ठी होती, तिच्यावर ८० टंच लिहिलेलं. आत्याच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा ही चांदी वाटून घ्यायची किंवा मोडून पैसे करायचे असं ठरलं, आणि हिशेबाचं काम माझ्याकडे आलं. घरातला इंजिनिअर ना मी! पहिल्या दुकानात त्यांनी पैंजण मशीनखाली धरलं, अर्ध्या मिनिटात आकडा आला: ८८. चिठ्ठीपेक्षा जास्त. दुसऱ्या दुकानात फाशाजवळ कानस मारून कीस घेतला आणि तेजाबात विरघळवून सांगितलं: ६४.

८८, ८० आणि ६४. तीन आकडे, एक पैंजण.

मी काय केलं असेल? ऑफिसमध्ये असे तीन आकडे आले असते तर मी आधी मोजणी कशी झाली ते विचारलं असतं. घरच्या बाबतीत मी सरळ निष्कर्षावर गेलो. काकांनी मध्यंतरी पैंजणं दुरुस्तीला नेली होती हे सगळ्यांना माहीत होतं. मी फॅमिली ग्रुपवर लिहिलं, "दुरुस्तीच्या वेळी माल बदलला गेला असेल का? फक्त विचारतोय." फक्त विचारतोय! संध्याकाळपर्यंत काका ग्रुपमधून बाहेर पडले होते. पुढचे चार महिने आमचं बोलणं नव्हतं.

आता जरा त्या तीन आकड्यांकडे वळू, कारण यिर्मयाची गोष्ट तिथेच आहे.

मशीनचा आकडा आधी. सोनाराकडच्या त्या पेटीतून क्ष-किरण धातूवर पडतात, मग प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण परत पाठवतं आणि मशीन ते मोजतं. मशीन खोटं बोलत नाही. पण ते फक्त वरचा थर बघतं, जेमतेम केसाच्या जाडीएवढा. आणि चांदीचा दागिना घडवताना तापवून आम्लात उजळतात तेव्हा पृष्ठभागावरचं तांबं ऑक्साइड होऊन धुऊन जातं, चांदी मागे राहते. म्हणजे ८० टंचाच्या दागिन्याला ८८ ची कातडी असू शकते. वर चांदीचा किंवा ऱ्होडियमचा मुलामा असला तर अजूनच गोंधळ.

एक गंमत सांगतो, मला ही फार आवडली. चांदीच्या किरणांतली एक रेघ २.९८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला येते. आपल्या हवेत साधारण एक टक्का आर्गॉन असतो, आणि त्याची रेघ येते २.९६ ला. इतकी जवळ की साध्या मशीनला दोन्ही एकच वाटाव्यात. म्हणजे समोर काही नसताना नुसत्या हवेतून चांदीची चाहूल लागू शकते. म्हणून चांगली मशीनं चांदीची दुसरी, २२ च्या आसपासची रेघ धरून मोजतात. तिथे आर्गॉन आड येत नाही.

दुसरी पद्धत ओली, तेजाबाची. नमुना नायट्रिक आम्लात विरघळवायचा, उकळून तपकिरी धूर घालवायचा, त्यात लोहाच्या तुरटीचे थेंब टाकायचे आणि वरून थेंब थेंब थायोसायनेटचं द्रावण सोडायचं. चांदी आहे तोवर थायोसायनेट चांदीला चिकटून पांढरा साका होतो. चांदी संपली की पुढचा थेंब लोहाला भेटतो आणि द्रावणाला लालसर छटा येते. किती थेंब लागले त्यावरून चांदी किती ते निघतं. याकोब फोलहार्ड या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची ही पद्धत, १८७४ ची, आणि आजही वापरात आहे.

आता हिची मेख बघा. थायोसायनेटला चांदी ओळखता येत नाही. त्याला कुणीतरी चिकटणारा हवा असतो. द्रावणात पारा असेल तर पाराही त्याला तसाच धरतो, पॅलेडियमही धरतं. मग थेंब जास्त लागतात, आकडा फुगतो, आणि तुम्ही लिहिता: चांदी जास्त. तपकिरी धूर नीट उकळून घालवला नाही तर लाल रंग स्वतःच फसवतो. तांबं फार असेल तर निळ्या-हिरव्या रंगात ती लालसर छटा दिसतच नाही. कथील असेल तर ते नायट्रिक आम्लात विरघळतच नाही. पांढरा गाळ होऊन बसतं आणि जाताना थोडी चांदीही पोटात धरून ठेवतं. म्हणजे एक भेसळ आकडा वर नेते, दुसरी खाली, तिसरी वाचणाऱ्याचे डोळेच झाकते. बारावीच्या प्रॅक्टिकलमधले गट आठवतात? पहिल्या गटात चांदी, शिसं आणि पारा तिघांचाही क्लोराइडचा साका पांढराच. गरम पाण्यात शिशाचा विरघळतो, अमोनियात चांदीचा विरघळतो, पाऱ्याचा काळा पडतो. तीन वेगळ्या धातूंना एकच पांढरा झगा. वेगळं करायला अजून एक प्रश्न विचारावा लागतो.

या सगळ्यावरून मला जे दिसलं ते असं. पारख चुकते तेव्हा बहुतेक वेळा उपकरण बिघडलेलं नसतं. आपण विचारतो "चांदी किती?", आणि पद्धत उत्तर देते "मला चिकटणारं किती?". हे दोन प्रश्न सारखे तेव्हाच असतात, जेव्हा आत आणखी काय आहे ते आपल्याला आधी माहीत असतं.

आपल्याकडे ही जाण जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सोन्या-चांदीच्या परीक्षेवर अख्खं प्रकरण आहे. चांदी खराब असेल तर चौथा हिस्सा शिसं घालून शोधावी, आणि ती स्वच्छ, चकचकीत, दह्याच्या रंगाची झाली की शुद्ध समजावी, असं तो सांगतो. कसोटीचा दगड कलिंगातला किंवा तापी नदीतला, मुगाच्या रंगाचा, तो उत्तम. तापी म्हणजे आपल्या खानदेशातून वाहते तीच! आणि नखात गेरू लपवून कसाची रेघ रंगवणाऱ्यांचीही त्याने दखल घेतली आहे. म्हणजे पारख करणाऱ्याच्या नखातही भेसळ असू शकते. हे वाक्य लिहिताना मला माझा तो ग्रुपवरचा मेसेज आठवतोय.

यिर्मयाच्या देशातही हेच. बेथ-शान आणि मगिद्दोला सापडलेल्या जुन्या चांदीच्या तुकड्यांच्या साठ्यांचा अभ्यास झाला आहे. ते यिर्मयाच्या काही शतकं आधीचे. त्यात चांदीपेक्षा तांबं जास्त असलेले तुकडे आहेत, आणि सोबत आर्सेनिक. संशोधकांचं म्हणणं असं की तांब्याचा लालसरपणा झाकून तुकडा पांढरा दिसावा म्हणून आर्सेनिक घातलं असावं. नाणी नव्हती, चांदी तुकड्यांनी आणि वजनाने चालायची. म्हणजे यिर्मयाचं चित्र ऐकणाऱ्या माणसाला नकली चांदी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नव्हतं.

आता ते शिसं. हे कळलं नाही तर एकोणतिसाव्या वचनाचा अर्धा अर्थ हातून निसटतो.

जुन्या काळची खरी पारख आगीची. चांदीचा तुकडा शिशासोबत हाडाच्या राखेच्या लहान वाटीत ठेवतात आणि वरून हवा देतात. भाता त्यासाठीच. शिसं ३२७ अंशांवर वितळतं, हवेने त्याचं ऑक्साइड होतं, आणि ते वितळलेलं ऑक्साइड तांब्यासारख्या हलक्या धातूंना आपल्यात घेऊन राखेत मुरतं. शेवटी वाटीत चांदीचा एक चकचकीत मणी उरतो. म्हणजे शिसं इथे घाण नाही. ते घाण वाहून नेणारं आहे, स्वतः संपून दुसऱ्याला मोकळं करणारं. मात्र त्याला हिशेब आहे. ८० टंचाच्या चांदीला वजनाच्या सुमारे दहापट शिसं लागतं. निम्मं तांबं असेल तर सोळापट. आणि लोखंड आलं तर आणखी कठीण, कारण लोखंडाचं ऑक्साइड शिशाच्या ऑक्साइडमध्ये नीट मिसळत नाही, वर खरपुडी धरून बसतं.

आता पुन्हा वाचा. तांबं आणि लोखंड. भाता चालला. शिसं संपलं. वाईट निघालं नाही. यिर्मयाने एका बिघडलेल्या पारखीचं नेमकं वर्णन केलंय! आग कमी पडली असं तो म्हणत नाही. शिसं कमी दर्जाचं होतं असंही म्हणत नाही. आत जे होतं ते इतकं आणि अशा जातीचं होतं की वाहून नेणारं संपलं तरी ते जागचं हललं नाही. आमच्या युवक संघात एकदा कुणीतरी विचारलं होतं, "इतकी संकटं येऊनही काही माणसं का बदलत नाहीत?" तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं होतं. आज मी हे वचन उघडून दिलं असतं आणि गप्प बसलो असतो.

आणि अजून एक. आगीची पारखही पूर्ण खरी नसते. थोडी चांदी वाफेने उडते, थोडी शिशासोबत राखेत जाते. फ्रान्समध्ये सरकारी पारख शतकानुशतकं याच पद्धतीने व्हायची, आणि ती हजारात काही भाग चांदी कमी दाखवत होती. शेवटी गे-लुसाक यांनी १८३२ मध्ये मिठाच्या द्रावणाने चांदी मोजायची पद्धत मांडली तेव्हा ती चूक उघडी पडली. म्हणून जाणते पारखी काय करतात, तर माहीत असलेली चोख चांदी मोजून घेतात, तिच्यात तितकंच तांबं घालतात आणि तीही त्याच भट्टीत शेजारी ठेवतात. तिची किती घट झाली ते बघून आपला आकडा दुरुस्त करतात. मी त्या नमुन्याला मनात साक्षीदार म्हणतो. दुसऱ्याला आगीत घालताना शेजारी ज्याचं वजन माहीत आहे असं काहीतरी ठेवायचं.

तर हुपरी. चार महिन्यांनी आईने पैंजणं माझ्या हातात दिली. म्हणाली, "एकदा नीट बघून ये. मला झोप लागत नाही." ओळखीतून एका टंच काढणाऱ्या मामांकडे गेलो. वय सत्तरीच्या आसपास, छोटी खोली, दोन तराजू, काचेची नळी आणि खिडकीत ओळीने चंचुपात्रं. मी तिन्ही आकडे सांगितले. ते काही बोलले नाहीत. फाशाजवळचा बारीक तुकडा घेऊन तेजाबात टाकला, तापवला. थोड्या वेळाने पात्र उजेडाकडे धरलं. तळाशी पांढरट, पिठासारखा गाळ.

"हे न्हाई विरघळायचं," मामा म्हणाले. "कथील हाय ह्यात. पैंजणाला कथलाचा डाग कुणी दिला ओ दादा?"

मला काय माहीत?

"मग ज्याला माहीत हाय त्याला इचारा की. त्याशिवाय ह्यो आकडा घिऊन काय करणार?"

मी बाहेर येऊन काकांना फोन लावला. चार महिन्यांत पहिल्यांदा. हात थरथरत होता, खोटं कशाला सांगू.

"बोल."

"काका, आजीच्या पैंजणांना कथलाचा डाग कुणी दिला होता?"

थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "तुझ्या आजीनंच द्यायला लावला. नाताळच्या आदल्या दिवशी फासा तुटला. मी म्हटलं सोनाराकडं टाकतो, तर म्हणाली त्याला चार दिवस लागतील, मला उद्या चर्चला घालून जायचंय. मग भांडी झाळणाऱ्याकडनं लावून आणला. सोनाराचं काम नव्हतं ते, मला तेव्हाच ठाऊक होतं. पण तिला घालायची होती."

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"मला कुणी विचारलं?"

मी आत आलो. मामांनी पैंजणाच्या मधल्या भागातली, डागापासून लांबची एक कडी कापून घेतली. वरची कातडी कानसीने काढून टाकली, मग नमुना तोलला. पुन्हा तेजाब, पुन्हा नळी. या वेळी पात्र नितळ होतं, फक्त तांब्याचा निळसर रंग. लालसर छटा आली तेव्हा त्यांनी नळीवरचा आकडा दोनदा बघितला, कागदावर गुणाकार केला आणि कागद माझ्याकडे सरकवला. ७९ आणि वर थोडं. चिठ्ठी खरी होती. पैंजणं तीच होती. मशीन खरं होतं, त्याच्या प्रश्नापुरतं. कानसवालाही खरा होता, त्याने घेतलेल्या किसापुरता. चुकीचं होतं ते फक्त मी काढलेलं अनुमान.

मामांना पैसे विचारले तर किरकोळ सांगितले. वर म्हणाले, कथील लावलेला भाग वेगळा कापूनच मोडायला द्या, तो चांदीसोबत तापवला की चांगली चांदी खातो. (तुमच्या घरी जुना मोडायचा दागिना असेल तर हे लक्षात ठेवा: सोनाराला आधीच सांगा कुठे डाग आहे, कधी मुलामा दिला होता. नवीन घेताना हॉलमार्क मागा. चांदीला १ सप्टेंबर २०२५ पासून एचयूआयडी क्रमांकासह हॉलमार्क मिळतो, पण तो सोन्यासारखा सक्तीचा केलेला नव्हता. त्यामुळे मागावाच लागतो.)

परतताना एसटीत बसून मी माझ्या त्या मेसेजचा टंच काढायचा प्रयत्न केला. मी स्वतःला सांगत होतो की मला सत्याची चाड आहे, म्हणून विचारलं. आकडा चांगला मोठा येत होता. पण माझ्यात अजून काय काय होतं? इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी भरायची होती तेव्हा बाबांनी काकांकडे पैसे मागितले होते आणि काका नाही म्हणाले होते. मी तेव्हा शेजारच्या खोलीत होतो. चौदा-पंधरा वर्षं झाली. मला वाटत होतं ते कधीच निघून गेलंय. ते पाऱ्यासारखं होतं. सत्याचा थेंब पडला की तेही पुढे होऊन त्याला धरत होतं, आणि मी सगळं मिळून सत्य म्हणून मोजत होतो.

आपण समजतो की आतली भेसळ आपली किंमत कमी दाखवेल, म्हणून आपण ती लपवतो. पण काही भेसळ आपली किंमत वाढवून दाखवते. तिला लपवावंही लागत नाही. उलट आपण तिच्यासाठी देवाचे आभार मानतो: प्रभू, तू मला न्यायाची आवड दिलीस. स्तोत्रकर्ता एकशे एकोणचाळिसाव्या स्तोत्राच्या शेवटी देवालाच म्हणतो की तू मला तपास. लहानपणी मला ते भीतीदायक वाटायचं. आता वाटतं, आत काय काय आहे हे आधीपासून माहीत असलेला पारखी तेवढा एकच आहे, त्यामुळे तोच जास्त सुरक्षित.

यिर्मयाबद्दल एक गोष्ट राहिली. देवाने त्याला पारखी नेमलं, पण तो बाहेरून आलेला तपासनीस नव्हता. तो अनाथोथच्या याजकांच्या घरातला, त्याच लोकांचा. अहवाल वाईट आला म्हणून तो खूश झाला नाही. पुस्तकभर रडत राहिला. आणि ज्याने आपल्या लोकांना टाकाऊ रुपं म्हटलं, त्यानेच पुढे यरुशलेमला वेढा पडलेला असताना, स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात अडकलेला असताना, अनाथोथचं एक शेत विकत घेतलं. विकणारा कोण? त्याच्या काकांचा मुलगा, हनमेल. किंमत सतरा शेकेल चांदी, तराजूत तोलून, साक्षीदारांसमोर. एक शेकेल सुमारे ११ ग्रॅमचा धरला तर दोनशे ग्रॅमच्या आतच. आजीचं एक पैंजण साधारण तेवढंच भरतं. शत्रू दाराशी आहे, जमीन हातची जाणार हे सगळ्यांत जास्त त्यालाच माहीत आहे, आणि तो घरच्या माणसाला चांदी तोलून देतोय.

काका अजून ग्रुपमध्ये परत आलेले नाहीत. मी त्याच ग्रुपवर, जिथे प्रश्न टाकला होता तिथेच, सगळा हिशेब लिहिला: कुठला आकडा कशामुळे आला, आणि मी काय समजलो होतो. आत्याने लगेच फोन केला. बाबांनी वाचलं, काही बोलले नाहीत. काकांना स्क्रीनशॉट पाठवायचा मोह झाला होता, पण तो पळपुटेपणा झाला असता. येत्या रविवारी उपासनेनंतर मी पैंजणं घेऊन त्यांच्या घरी जाणार आहे. काकूंनी दुपारी जेवायलाच ये म्हटलंय. काकांनी अजून काही म्हटलेलं नाही. प्रार्थनेत आठवण ठेवा.

उद्याचं वाचन: यिर्मया ३२:६-१५